‘त्याला मी सोडणार नाही’ असं क्लायंट म्हणाला, तर कोणाला सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. समुपदेशनाचं काम सुरू करून तुम्हाला चार महिने झालेत. एक क्लायंट धंद्यातल्या जुन्या भागीदाराविषयी बोलता बोलता म्हणाला, ‘त्याला मी सोडणार नाही, बघाच तुम्ही.’ मग हसला, पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आणि गेला. तुमचा एक सहकारी म्हणतो, पोलिसांना कळव. दुसरी म्हणते, सेशनमधलं बाहेर गेलं तर उद्या तुझ्याकडे कोण येईल? आणि तुम्ही विचारता आहात की गोपनीयता मोठी की दुसऱ्याचा जीव.

उत्तर लांबणार आहे, म्हणून तातडीचं आधी सांगते. त्या माणसाच्या बोलण्यात वेळ, जागा, हत्यार यांतलं काही आलं असेल, किंवा त्यानं पूर्वी कोणावर हात उचललेला असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि सुपरव्हायजरला फोन करा. मंगळवारची वाट बघू नका. यातलं काही आलं नसेल, किंवा तुम्ही विचारलंच नसेल, तर आज क्लायंटला फोन करून भेट अलीकडे घ्या. विचारलंच नसेल, असा माझा अंदाज आहे. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. पहिली दोन वर्षं मीही विचारत नव्हते. उत्तर ऐकायची भीती वाटायची.

आता तुमचा प्रश्न. जीव मोठा, हे कोणीही सांगेल, त्यासाठी बावीस वर्षं मानसोपचार करायला नकोत. अडचण अशी की तराजूच्या एका पारड्यात ‘जीव’ ठेवलेलाच नसतो. तिथे असतं एक वाक्य. ते त्रागा असू शकतं, फुशारकी असू शकते, कोर्टात खेचण्याची भाषा असू शकते, आणि क्वचित खरंच घात करण्याचा बेतही असू शकतो. दुसऱ्या पारड्यातलं नुकसान मात्र पक्कं आहे. तुम्ही बोललात की त्या माणसाचा विश्वास गेला. म्हणून मोठं काय हे ठरवण्याआधी मला तीन गोष्टी कळायला हव्या असतात. नेमकं काय माहीत झालंय, ते किती पक्कं आहे, आणि ज्याला सांगायचं तो त्या माहितीचं काय करू शकतो.

तिसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. या विषयावरच्या प्रत्येक वर्गात तारासॉफ खटला शिकवतात, तुम्हीही तो वाचला असेल. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात प्रोसेनजित पोद्दार हा विद्यार्थी विद्यापीठाच्याच मानसशास्त्रज्ञाकडे उपचार घेत होता. आपण तातियाना तारासॉफ या मुलीला मारणार, असं त्यानं तिथे सांगितलं. २७ ऑक्टोबर १९६९ ला त्यानं तिला मारलं. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं इशारा देण्याचं कर्तव्य सांगितलं, आणि १९७६ मध्ये तोच खटला पुन्हा ऐकून ते कर्तव्य ‘वाजवी काळजी घेऊन संरक्षण करणं’ असं रुंद केलं. वर्गातून बाहेर पडताना विद्यार्थी एवढंच घेऊन जातात की थेरपिस्ट गप्प बसला आणि मुलगी गेली.

पण तो गप्प बसलेला नव्हता! त्यानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, पत्र लिहिलं, पोद्दारला रुग्णालयात ठेवायला हवं असंही सांगितलं. पोलिसांनी पोद्दारला ताब्यात घेतलं, तो शुद्धीत आणि समंजस वाटला, मुलीपासून लांब राहीन असं त्यानं कबूल केलं, आणि त्यांनी त्याला सोडून दिलं. विभागाच्या प्रमुखांनी पुढे काही करू नका असं सांगितलं. पोद्दारनं उपचार बंद केले. आणि तातियानाला किंवा तिच्या घरच्यांना कोणी एका शब्दानं काही सांगितलं नाही.

म्हणजे गोपनीयता मोडली, तिची पूर्ण किंमतही मोजली गेली, आणि ज्या एका व्यक्तीला त्या माहितीचा उपयोग होता तिच्यापर्यंत ती पोचलीच नाही. तुमचा सहकारी ‘पोलिसांना कळव’ म्हणतो तेव्हा मला हे आठवतं. पोलिसांना कळवणं कधी कधी अगदी बरोबर असतं. पण पुष्कळदा आपण आपल्या डोक्यावरचा भार उतरवण्यासाठी फोन करतो. ‘मी सांगितलं होतं’ असं उद्या म्हणता यावं म्हणून. फोन उचलण्यापूर्वी स्वतःला विचारा, हे ऐकून समोरचा आज संध्याकाळपर्यंत नेमकं काय करेल? उत्तर ‘नोंद करून ठेवेल’ एवढंच असेल, तर तेवढ्यावर थांबू नका, दुसरा मार्गही लगेच शोधा.

आता दुसऱ्या टोकाची घटना. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जचं विमान बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला जाताना सहवैमानिकानं आल्प्समध्ये मुद्दाम पाडलं. त्याच्यासह १५० माणसं गेली. फ्रेंच तपाससंस्थेच्या अहवालात आलं की त्याआधीच्या काळात तो बऱ्याच डॉक्टरांकडे गेला होता. एकानं तर दोन आठवडे आधी त्याला मनोरुग्णालयात दाखल व्हायला सुचवलं होतं. रजेचे दाखले दिले गेले, ते त्यानं कंपनीला दिलेच नाहीत. एकाही डॉक्टरनं विमानवाहतूक खात्याला कळवलं नाही. जर्मनीत रुग्णाची माहिती फोडणं हा गुन्हा आहे. गंभीर धोका टाळण्यासाठी फोडली तर सूट आहे, पण ती कुठे लागू होते याची स्पष्टता नव्हती.

इथे माझं मत ठाम आहे. ज्याच्या हातात एका वेळी शेदीडशे जीव आहेत, त्याच्या बाबतीत गोपनीयता मोडण्याचा उंबरठा खाली आणायलाच हवा. पण त्याच अहवालात आणखी एक शिफारस आहे, तिच्याविषयी कोणी फारसं बोलत नाही. परवाना गेला तर वैमानिकाची रोजीरोटी जाते, कर्ज अंगावर राहतं. ही भीती कमी करा, सहकाऱ्यांचे आधारगट उभे करा, असं तपास करणाऱ्यांनीच सुचवलं. कारण उघड आहे. ‘डॉक्टर कळवणार’ एवढाच नियम केलात तर पुढचा वैमानिक डॉक्टरकडेच जाणार नाही. तो पूर्वीइतकाच आजारी असेल, फक्त कोणाला माहीत नसेल.

लोक मला विचारतात की एका माणसाच्या खासगीपणासाठी समाजाला का वेठीला धरता? मी त्यांना म्हणते, हा माणूस कोणालातरी मारायच्या विचारात आहे हे जगात एकट्या मलाच माहीत आहे, आणि ते मला कळलं कारण बंद दाराआडचं बाहेर जात नाही यावर त्याचा भरवसा आहे. तो भरवसा समाजाच्याच सुरक्षिततेचा भाग आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात, इशारा देणं सक्तीचं केलेल्या राज्यांत खून साधारण ५ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. एका अभ्यासावरून कायदा बदलू नये हे खरं, पण त्यामागचा तर्क मला रोजच्या कामात दिसतो. सक्ती झाली की काही थेरपिस्ट धोकादायक विषयच काढत नाहीत, आणि काही पेशंट बोलत नाहीत.

अंदाजाविषयीही प्रामाणिक राहिलं पाहिजे. समजा, रागाच्या भरात ‘सोडणार नाही’ म्हणणारी १,००० माणसं आहेत आणि त्यांतली १० खरंच काही करणार आहेत. हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत. आपली पारख ९० टक्के अचूक आहे असं मानू, म्हणजे फारच उदारपणे मानू. दहातले ९ आपण ओळखू. पण उरलेल्या ९९० पैकी ९९ जणांवरही आपण विनाकारण बोट ठेवू. म्हणजे १०८ जणांची नावं बाहेर जातील, त्यांत खरे ९. त्या ९९ जणांच्या नोकऱ्या, नाती, शेजारपाजारची पत यांचा हिशेब कोण ठेवणार? शिवाय यातल्या बहुतेकांना मानसिक आजार नसतोच, नुसता राग असतो. आणि ज्यांना आजार असतो त्यांतले बहुतेक कधी कोणाला बोटही लावत नाहीत.

मग करायचं काय? विचारायचं. सरळ, आवाज न चढवता, जेवलात का विचारावं इतक्या साधेपणानं. ‘सोडणार नाही म्हणजे नेमकं काय मनात आहे?’ ‘कधीपासून?’ ‘तो कुठे असतो, कधी येतो-जातो, हे बघून ठेवलंय का?’ ‘घरात काही हत्यार आहे का?’ ‘प्यायल्यावर हा विचार वाढतो का?’ ‘पूर्वी असं कधी झालंय?’ आणि माझा सगळ्यात कामाचा प्रश्न, ‘आजपर्यंत काय आडवं आलं?’ या शेवटच्या प्रश्नाला माणूस ‘मुलगी दहावीला आहे’ म्हणाला, तर आपल्याला धरायला काहीतरी मिळतं. ‘अजून संधी मिळाली नाही’ म्हणाला, तर मी त्याच्यासमोर घड्याळ बघत नाही, पण त्या दिवशीच्या पुढच्या अपॉइंटमेंट्स रद्द करते.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक गृहस्थ घटस्फोटित पत्नीच्या ऑफिसबाहेर रोज संध्याकाळी जाऊन उभे राहायचे. ‘नुसता बघतो,’ म्हणायचे. चौथ्या भेटीत मी विचारलं, ‘खिशात काय असतं?’ बराच वेळ ते टेबलाच्या कडेचं सुटलेलं सनमायका नखानं खरवडत बसले. मग म्हणाले, ‘कालपासून असतं.’ मी त्यांना सांगितलं की आता हे माझ्यापाशी राहू शकत नाही, पहिल्या दिवशी बोलणं झालं होतं तसं. पण कोणाला आणि कसं सांगायचं, ते आपण दोघं मिळून ठरवू शकतो. ते उठून जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. माझ्यासमोर, स्पीकर लावून, त्यांनी मोठ्या भावाला फोन केला आणि म्हणाले, ‘दादा, मला इथून घेऊन जा.’ भाऊ दीड तासानं आला. तोवर ती वस्तू माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पत्नीला त्या संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या दारानं जायला सांगितलं गेलं. तिला मी फोन केला, तेव्हा ते समोर बसलेले होते आणि मी काय बोलणार हे त्यांना माहीत होतं. नंतर ते दीड वर्ष माझ्याकडे येत राहिले.

दर वेळी असं होत नाही. काही जण खुर्ची ढकलून निघून जातात. पण गोपनीयता मोडण्याआधी ती मोडण्यात त्याच माणसाला सामील करून घेता येतं का, हे बघायचं. त्यानं स्वतः सांगितलं तर भरवसा पुरता तुटत नाही. याला एक अपवाद आहे. त्याला आधी सांगितल्यानं दुसऱ्याचा धोका वाढणार असेल, तर आधी सांगायचं नाही.

आता माझी चूक. नवीन होते तेव्हा एका पेशंटनं सासऱ्याला धडा शिकवण्याची भाषा केली. मी घाबरले आणि त्याच्या बायकोला फोन केला. इथवर चाललं असतं. पण धक्का सौम्य करायच्या नादात मी त्याचं पुन्हा सुरू झालेलं पिणं सांगितलं, बुडालेले पैसे सांगितले, सेशनमध्ये तिच्याविषयी तो काय बोलला होता तेही सांगितलं. तिला हवं होतं एवढंच, की काही दिवस वडिलांना एकटं भेटू देऊ नकोस. सासऱ्यांना काही झालं नाही. संसार मात्र मोडला, आणि तो माझ्यामुळेच मोडला असं नसलं तरी त्यात माझ्या त्या फोनचा वाटा होता, हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून असा फोन करण्याआधी मी दोन वाक्यं कागदावर लिहिते आणि तेवढीच वाचते.

किती सांगायचं आणि कोणाला, यावर इंग्लंडमधला एक निकाल मला फार उपयोगी वाटतो. डॉ. एगडेल या मानसोपचारतज्ज्ञाला एका कैदी-रुग्णाच्या वकिलांनीच अहवालासाठी नेमलं होतं. त्या रुग्णानं पाच जणांना मारलं होतं आणि सुरक्षित रुग्णालयातून सुटकेच्या दिशेनं पाऊल टाकावं म्हणून अर्ज केला होता. डॉक्टरांना तो अजून धोकादायक वाटला. घरगुती बॉम्बमधला त्याचा रस त्यांना खटकला. प्रतिकूल अहवाल बघून वकिलांनी अर्जच मागे घेतला, म्हणजे अहवाल फायलीत गडप. एगडेल यांनी तो रुग्णालयाकडे दिला आणि गृहखात्यापर्यंत पोचवला. अपील न्यायालयानं १९८९ मध्ये त्यांना बरोबर ठरवलं, पण सोबत असंही म्हटलं की हीच माहिती वर्तमानपत्राला विकणं किंवा मित्रमंडळीत सांगणं समर्थनीय ठरलं नसतं. निर्णय ज्यांच्या हातात, त्यांनाच माहिती. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दुसऱ्याला इजेपासून वाचवण्यासाठी माहिती देता येते, पण त्या धोक्यापुरती लागेल तेवढीच.

कायदा मात्र जागेनुसार बदलतो. अमेरिकेतच काही राज्यांत इशारा देणं सक्तीचं, काहींत नुसती मुभा. तुम्ही मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शाळेतला समुपदेशक की हेल्पलाइनवरचा स्वयंसेवक, यावरही बरंच ठरतं. तुमच्या संस्थेचं लेखी धोरण आजच मागून घ्या. ते नसेल तर तो तुमचा पहिला प्रश्न आहे, आणि तो क्लायंटनं निर्माण केलेला नाही.

माहिती सांगणं एक आणि माणसाला डांबणं दुसरं, या दोन्हींत गल्लत होऊ देऊ नका. दुसऱ्याची पायरी फार वरची. फ्लोरिडात केनेथ डोनाल्डसन नावाच्या माणसाला जवळजवळ १५ वर्षं मनोरुग्णालयात अडकवून ठेवलं होतं. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जो धोकादायक नाही आणि स्वतःच्या किंवा आप्तमित्रांच्या मदतीनं बाहेर नीट राहू शकतो, त्याला नुसतं डांबून ठेवता येणार नाही. ‘काळजी वाटते’ एवढ्यावर कोणाला आत टाकायची घाई करणारे सहकारी मी पाहिलेत. त्यांना मी विचारते, काळजी कोणाला वाटतेय, आणि किती दिवस?

पहिल्या भेटीत काय बोलता, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ‘इथलं काहीही बाहेर जाणार नाही’ असं कधीही म्हणू नका, ते खोटं आहे. मी म्हणते, ‘तुमचं बोलणं माझ्यापाशी राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जीवाला खरा धोका दिसला, तर मात्र मला कोणालातरी सांगावं लागेल, आणि शक्य असेल तर ते मी आधी तुम्हाला सांगेन.’ सिंगापूरनं साथीच्या काळात ‘ट्रेसटुगेदर’ हे संपर्क शोधण्याचं ॲप आणलं. माहिती फक्त साथीसाठी, असं लोकांना सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारनंच मान्य केलं की फौजदारी तपासासाठी पोलिसांनाही ती मिळू शकते. लोक चिडले आणि महिन्याभरात कायदा करून ती मुभा सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती आणावी लागली. पोलिसांना खुनाच्या तपासात ती माहिती मिळावी, याला कदाचित अनेकांनी आधीच होकार दिला असता. त्यांना विचारलंच नव्हतं.

नोट्सचं थोडक्यात. त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात, तुम्ही काय विचारलं, तो काय म्हणाला, तुम्ही काय ठरवलं आणि का, सुपरव्हायजरशी किती वाजता बोललात. ‘आक्रमक वृत्ती’ असले शेरे नकोत. ती फाइल उद्या कोणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही.

तर आज फोनवर एवढंच म्हणा, ‘तुम्ही गेल्या वेळी जे म्हणालात ते माझ्या डोक्यात राहिलंय. मंगळवारपर्यंत थांबायला नको, उद्या येता का?’ तो आला तर वरचे प्रश्न याच क्रमानं विचारा, आणि आजपर्यंत काय आडवं आलं हा शेवटी. त्यानं फोन उचलला नाही, तर तासाभरानं पुन्हा करा. तेव्हाही नाही उचलला, तर सुपरव्हायजरला सोबत बसवून भागीदाराविषयी तुमच्याकडे नेमकी काय माहिती आहे ते कागदावर काढा. तुमच्या प्रश्नात त्याचं नावही आलेलं नाही. तुम्ही ते मुद्दाम गाळलंत की तुम्हाला माहीतच नाही, हे मला कळलं नाही. माहीत नसेल, तर उद्याच्या भेटीत पहिल्या दहा मिनिटांत विचारून घ्या.